आतली कडी

आमच्या बिल्डिंगमधला गास्तों साहेब रोज सकाळी कॅफेटेरियात चहाला आला की हात झटकून सांगतो, "उस्ताद, काल दोन खलास!" नवीन माणसं दचकतात. मी म्हणतो, घाबरू नका, कागदावरचे मेलेत.

हा फ्रेंच म्हातारा इथे आखातात, अल मुंतझा भागात, माझ्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो आणि फ्रेंचमध्ये खुनाच्या कादंबऱ्या लिहितो. एक-दोन नाही, कपाट भरून. ते कपाट मीच केलंय, दोनदा फळ्या वाढवल्या. मी चौथी नापास सुतार, वाचणार काय? पण मोडक्या हिंदीत त्याने सगळ्या ऐकवल्यात आणि सगळ्या एकच. खोली आतून बंद, आत मुडदा. खुनी बाहेरून दोरा ओढून आतली कडी लावून पसार.

"दोऱ्याने कडी लागत नाही साहेब. पन्नास वर्षं कड्या बसवतोय मी."

"माझ्या पुस्तकात लागते."

"मग तुमच्या पुस्तकातला सुतार चोर आहे. ढिली बसवली."

त्याने गाल फुगवून फुस्स केलं. हरला की हेच. मग आम्ही त्याच्याच दारावर करून पाहिलं. पाच दोरे तुटले. म्हणतो कसा, "दोरा खराब आहे."

असला हा शहाणा. गेल्या महिन्यात बोलावलं आणि म्हणाला, "उस्ताद, ही आतली कडी काढून टाक."

माझं डोकंच फिरलं. "मी कड्या बसवतो, काढत नाही. नको असेल तर लावू नका!"

"हात आपोआप जातो. चाळीस वर्षं बायको अंथरुणातून विचारायची, कडी लावलीस का? आता विचारत नाही कोणी, तरी लावतो." मग किल्ली माझ्या हातात ठेवली. "ही तुझ्याकडे असू दे. पण कडी असली तर किल्ली काय कामाची? पुस्तकात तिसऱ्या पानावर कोणीतरी दार फोडायला येतंच. इथे कोण येणार?"

मी पेचकस घेतला. कडी काढली, भोकं लांबी भरून बुजवली. अर्धवट काम मला चालत नाही.

आता चहाला त्याला उशीर झाला की मी शिव्या घालत जिना चढतो.

माझी माणसं चिपळूणला असतात. त्याची कडी काढली त्याच संध्याकाळी मी माझ्या दाराचीही काढली आणि एक किल्ली त्याला दिली. कडी गंजली होती म्हणून. दुसरं काही नाही.