दोन अंगठ्यांची भाषा

आमचा शेजारी रतननाना रोज सकाळी दात घासले की दोन्ही हातांची आठ बोटं पांढऱ्या चिकटपट्टीनं गच्च बांधून घेतो आणि संध्याकाळपर्यंत नुसत्या अंगठ्यांवर जगतो. शर्टाची बटणं अंगठ्यांनी. चहाचा कप दोन अंगठ्यांच्या चिमटीत. शेवभाजीसुद्धा तशीच खातो. निम्मा रस्सा पोटात आणि निम्मा कोपरापर्यंत. बँकेत त्यानं केलेली सही बघून काउंटरवरच्या बाईंनी न बोलता शाईचा पॅड पुढे सरकवला. नाना उलट खूश झाला.

कॉलनीत अफवांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं त्वचेचा रोग, कोणी म्हणालं नवस. दोघीतिघींनी तर देव पाण्यात घातले. मी सभ्य माणूस; मी फक्त एवढंच पसरवलं की नानाला विंचू चावला. ती बातमी शिरपूरपर्यंत जाऊन परत आमच्या गल्लीत आली तेव्हा विंचवाचा नाग झाला होता आणि नाना दोनदा वारला होता.

खरी गोष्ट अशी. नाना धुळ्यात कॉम्प्युटरचे क्लास घेतो. फावल्या वेळात त्यानं स्वतःची एक प्रोग्रामिंगची भाषा तयार केली. म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. तिचं नाव कळणा. कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद दळतात तसं तिच्यात मराठीत अहिराणी दळलेली. ‘सांग’ म्हटलं की यंत्र सांगतं, ‘फिरी’ म्हटलं की तेच काम पुन्हा करतं. चूक झाली तर पडद्यावर उमटतं, ‘कोठे चुकनं ते तूच दख.’ ही भाषा जाणणारा जगात एकच माणूस होता आणि तोही चुकायचा.

मग नानानं ठरवलं की कळणा चालली पाहिजे ती व्हिडिओ गेमच्या डब्यावर. टीव्हीला जोडतात आणि हातात कंट्रोलर धरून मोटारी पळवतात, तो डबा. घरात चांगला कॉम्प्युटर असताना हे खूळ कशाला, असं मी त्याला विचारलं. त्यानं आतल्या खोलीकडे मान वळवली.

आतल्या खोलीत अक्का असते. नानाची थोरली बहीण. गावाकडे असताना ती नववीत होती आणि गणितात अशी पक्की की मास्तर आपलं उत्तर तिला विचारून खात्री करून घ्यायचे. कडबाकुट्टीच्या यंत्रात वैरण सारताना तिची आठही बोटं गेली. तिचे हात आत असताना स्विच नानानं दाबला. या दोन वाक्यांत मी काही वाढवलेलं नाही.

तिची शाळा सुटली, त्याची सुरू राहिली. तिचं लग्न झालं नाही. त्याचं जमलेलं त्यानं स्वतः मोडलं.

आता अक्काला कीबोर्ड कुठून जमणार? मोबाइल हातातून सटकतो. कंट्रोलर मात्र दोन तळव्यांत नीट बसतो आणि तो चालवायला अंगठे पुरतात. अक्कानं पुन्हा गणित करावं, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप. चिकटपट्टी त्याचसाठी. जे आपल्या अंगठ्यांना जमत नाही ते तिला करायला सांगायचं नाही, असा नानाचा कायदा.

पण गेमच्या डब्याला कंपनीचं कुलूप. आमचेच गेम खेळा, दुसरं काही चालवू नका. नाना जळगाव, भुसावळ पालथं घालून भंगारातले जुने डबे आणायचा, उघडायचा, जाळायचा. घरात इतक्या तारा झाल्या की गाठी सोडून सरळ केल्या असत्या तर मुंबई-आग्रा रस्त्याला कठडा झाला असता. एकदा डब्यातून धूर निघाला, तर शेजारच्या आबांनी पाण्याची बादली नानावरच ओतली. नाना ओल्या अंगानं म्हणाला, “आबा, डबा वाचला ना?”

कुलूप निघालं तर मेमरी पुरेना. मग नाना आपल्या भाषेतले शब्द कापू लागला. ‘मावत नाही’ हे त्याचं पालुपद झालं. लग्नपत्रिका वाचून म्हणायचा, इतके काका मावत नाहीत. पुढे तर जो शब्द भाषेतून काढला तो तो बोलण्यातूनही काढू लागला. ‘नाहीतर’ गेला त्या दिवसापासून त्याला धमकी देता येईना. रिक्षावाल्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

शेवटी एका रविवारी डबा चालला. टीव्हीवर शब्दांचं रिंगण आलं. अंगठा ज्या बाजूला ढकलावा तो शब्द उचलला जायचा. अक्कानं कंट्रोलर तळव्यांत घेतला, हळूहळू शब्द वेचले आणि पडद्यावर वर्गसंख्या एकाखाली एक उतरू लागल्या. आबांनी पेढे वाटले, कशाचे ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. नाना बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ आत आला नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी बहीणभाऊ टीव्हीसमोर. अक्का शब्द वेचते, नाना पडद्याकडे बघत असतो.

मागच्या महिन्यात नाना जळगावला गेला होता आणि मी अक्काला मेथीची जुडी द्यायला गेलो. डबा बंद होता. मला चेष्टा सुचली. म्हटलं, अक्का, मास्तर नाही तर गणिताला सुट्टी वाटतं? आवड लागली की नाही?

अक्का मेथी परातीत ठेवून अंगठ्यांनी एकेक पान खुडू लागली. मग म्हणाली, “माले काय करनं शे रे त्या गणितनं? ते कधीच इसरी गयू मी.”

मग रोज बसता कशाला, असं मी विचारलं.

“रतन धाकला व्हता तधळपासून मना हातकडेच दखस,” ती म्हणाली. “जेवतांना, बोलतांना. तो डबा चालू ऱ्हास ना भाऊ, तधळ तो टीव्हीकडे दखस.”

तेवढ्यात दारात नाना. खांद्यावर पोतं, पोत्यात नवा जुना डबा, चेहरा फुललेला. याच्यात मेमरी भरपूर आहे, म्हणाला. कापलेले सगळे शब्द परत घालता येतील. फक्त कुलूप भारी आहे, पहिल्यापासून सगळं नव्यानं करावं लागेल.

अक्कानं मान वर केली नाही.

“किती दिन लागतीन?”

“वरीस तर जाईनच, अक्का.”

“मंग बरं शे,” अक्का म्हणाली, आणि सरकून त्याला पोतं ठेवायला जागा करून दिली.