सुरुवातीचा किर्र आवाज

बातमी आली त्या मंगळवारात तसं काही विशेष नव्हतं. भाऊसाहेब नेहमीप्रमाणे कपड्यांची पिशवी घेऊन लाँड्रीत गेले. लाँड्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि तो म्हणाला, "भाऊसाहेब, उद्यापासून दुकान बंद. गुडघे गेले. मुलाकडे चाललो."

भाऊसाहेबांना गुडघ्यांबद्दल वाईट वाटायला हवं होतं. पण पहिला विचार आला तो पायमोज्यांचा. बायको जाऊन अकरा महिने झाले होते, आणि तेव्हापासून घरातलं प्रत्येक कापड, हातरुमालापासून पायपुसण्यापर्यंत, याच माणसाने धुतलं होतं. मुलीला मात्र ते फोनवर सांगत, "घरीच धुतो की. मशीन आहे ना!" थाप मारणं भागच होतं. मुलीने बजावलं होतं, "बाबा, एकट्याला जमत नसेल तर सरळ सामान बांधायचं नि माझ्याकडे यायचं." भाऊसाहेबांना हे घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. (कुणी विचारलंही नव्हतं.) आणि मुलगी नेमकी रविवारी येणार होती, घर बघायला.

"मशीन लावायला काय अक्कल लागते?" असं म्हणून ते ऑफिसला गेले.

अक्कल हा भाऊसाहेबांचा खास विषय. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात ते हेडक्लार्क होते. हल्ली लोकांना साधं डोकं वापरता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. टेबलामागच्या भिंतीवर त्यांनी हौसेने पाटी बसवून घेतली होती : 'तक्रार करण्यापूर्वी नळ उघडून पाहिला का?' बावीस वर्षांत नळ बंद ठेवून तक्रार करणारी माणसं दोनच आली होती. पण डबा खाताना भाऊसाहेब तो किस्सा असा रंगवत, की ऐकणाऱ्याला वाटावं, रोज रांग लागते.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मशीन लावलं. मशीन गुरगुरलं, तीनदा पिप् पिप् झालं आणि लाल दिवा लागला. भाऊसाहेबांनी सगळी बटणं दाबली. मग दोन-दोन एकदम दाबली. मग कंपनीला फोन केला.

"सर, नळ चालू आहे का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

भाऊसाहेब हसले. या हसण्याला ऑफिसात भलेभले घाबरत. "बाई, मी बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहे. नळाचं मला विचारता?"

"तसं नाही सर, मशीनचा जो—"

"समोरचा कागद वाचू नका, जरा स्वतःचं डोकं वापरा! लिहून घ्या. सुरुवातीला किर्र असा आवाज यायचा, तो बंद झालाय. धुणं झाल्यावरही एकदा यायचा. आतला पार्ट गेलाय."

"किर्र, सर?"

"किर्र. नऊ वर्षं ऐकतोय मी."

"लिहिलं, सर." मुलीचा आवाज एवढासा झाला होता.

मेकॅनिक शनिवारी दुपारी आला. (तोवर भाऊसाहेबांनी दोन शर्ट बादलीत धुतले होते. एक खिशातल्या पेनासकट. तो आता निळा शर्ट होता.) चष्मा कपाळावर चढवून मेकॅनिकने मोबाइलवर वाचलं, "'सुरुवातीचा किर्र आवाज बंद.' हे काय असतं, साहेब?"

"ते तुम्ही मला सांगायचं. आणि तुमच्या त्या बाईंना सांगा, पाणीपुरवठ्यातल्या माणसाला नळाचं विचारतात! कसं आहे बघा, हल्ली साधी अक्कल म्हणून जी असते ना..."

मेकॅनिक ऐकत होता. ऐकता ऐकताच तो वाकला आणि त्याने मशीनच्या मागे हात घातला.

किर्र.

"हाच का आवाज?" त्याने विचारलं.

मशीनमध्ये पाणी पडायला लागलं. भाऊसाहेब अकलेवरचं वाक्य पुरं करायला विसरले.

"नळ कुणीतरी नीट बंद करून ठेवला होता," मेकॅनिक म्हणाला. "चांगली सवय आहे. पाइपावर ताण येत नाही. वहिनी करत असतील."

"हो," भाऊसाहेब म्हणाले.

नऊ वर्षं ती दुखऱ्या कमरेने मशीनच्या मागे वाकत होती, एकदा नळ सोडायला, एकदा बंद करायला. पाच फुटांवर पेपरच्या आड बसून भाऊसाहेब समजत होते, मशीनच तसं बोलतं.

"काय काम केलं म्हणून लिहू?" मेकॅनिकने पावतीपुस्तक काढलं.

"पार्ट बदलला, असं लिहा ना."

"खोटं कसं लिहू, साहेब?" त्याने लिहिलं : 'दोष : नळ बंद. उपाय : नळ उघडला.' भाऊसाहेबांनी सही केली, आणि हाताला सवय म्हणून खाली 'हेडक्लार्क, तक्रार विभाग' असंही लिहिलं.

रविवारी मुलगी आली. तिच्यादेखत भाऊसाहेब वाकले आणि नळ सोडला. किर्र. मुलगी चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

"आई आत आहे असं वाटलं एकदम," ती म्हणाली. कप टेबलावर ठेवत तिने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, बाबा? नळाचं?"

"माहीत म्हणजे काय! बावीस वर्षं—"

मुलीने चहाच्या बशीखालची मेकॅनिकची पावती काढली, घडी केली आणि त्यांच्या निळ्या शर्टाच्या खिशात ठेवली. "ही ऑफिसात लावा," ती म्हणाली. "सामान नका बांधू. पण माझ्याशी खोटं नका बोलू."

भाऊसाहेबांनी खिशाचं बटण लावलं.

सोमवारी ते अर्धा तास लवकर ऑफिसला गेले, खुर्चीवर चढले आणि पाटीचे स्क्रू काढायला लागले. घाम आला, पण स्क्रू हलेना. शिपाई केव्हा येऊन मागे उभा राहिला ते कळलंच नाही.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "उलटं फिरवताय."

"माहीत आहे मला," भाऊसाहेब म्हणाले आणि खाली उतरले.

पाटी अजून तिथेच आहे.