वीस किलो गहू आणि माझं हिमोग्लोबिन

धान्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! गेली बावीस वर्षं मी धान्याच्या गोदामात ओलावा तपासतो. दाणा दाताखाली धरला की टक्केवारी सांगतो. अशा माणसाला रक्तपेढीतली कालची पोर सांगते, "काका, तुमचं हिमोग्लोबिन अकरा पॉइंट आठ आहे. साडेबारा लागतं. तुमचं रक्त नाही घेता येणार."

काका!

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन महिन्यावर आलं होतं. त्यासाठी घरातल्या कुणीतरी एक बाटली रक्त द्यायचं होतं आणि "मी आहे ना!" असं मी सगळ्यांसमोर छाती ठोकून सांगून बसलो होतो. सासरे आमच्याकडेच राहायला आलेले. मी तसाच परतलो तेव्हा ते नुसतं म्हणाले, "असू दे, जावईबापू." ते "असू दे" मला फार झोंबलं.

आमचे डॉक्टर म्हणाले, "धान्या-कडधान्यांत फायटिक आम्ल असतं. ते अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. भिजवून, मोड आणून खा, म्हणजे त्याचा जोर कमी होतो."

म्हणजे चोर घरातच! ज्या धान्याची मी जन्मभर राखण केली, त्यानेच माझं लोह पळवावं?

आता गोदामाचा एक नियम आहे. मालात खोट निघाली तर मूठभर दाण्यांवर उपाय करत नाहीत, अख्ख्या लॉटवर करतात. मी त्याच रविवारी घरातला अख्खा लॉट भिजत घातला. वीस किलो गहू, पाच किलो हरभरे, तीन किलो राजमा!

बायको बाहेरून आली. "अहो, आंघोळीची बादली कुठंय?"

"तिच्यात गहू आहेत."

"दुसरी?"

"तिच्यातही."

"सगळे भिजवलेत? मग आता दळायचं काय?"

"दळायचं नाही! मोड खायचे, मोड!"

तिने आपला ऑफिसचा डबा धुऊन माळ्यावर ठेवून दिला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवशी हरभऱ्यांनी फुगून पातेल्याचं झाकण उचललं. घरभर आंबूस वास. गव्हाचे कोंब बादलीच्या काठावरून बाहेर डोकावू लागले. सासरे काठी टेकत आले, बघून म्हणाले, "आता फक्त नांगर आणा."

मी दुर्लक्ष केलं. सकाळ-संध्याकाळ मोड! राजमा शिजवला तर त्यातलं सत्त्व जाईल, असं मीच ठरवलं आणि मोड आलेला कच्चा राजमा वर लिंबू पिळून सासऱ्यांना वाढला. स्वतःही वाटीभर खाल्ला.

दोन तासांत आम्ही दोघं एकाच बेसिनसाठी भांडत होतो.

डॉक्टर माझ्यावरच ओरडले. "अहो, कच्च्या राजम्यात लेक्टिन असतं! विषारी असतं ते! नुसतं भिजवून जात नाही, राजमा खळखळ उकळून पूर्ण शिजवावा लागतो!"

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" मीही ओरडलो. तोंडाशी ओकारीचं तसराळं होतं म्हणून आवाज नीट लागला नाही, एवढंच.

ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं. चूक राजम्याची, आणि घरात सगळे माझ्याकडे बघतात!

शेवटी तो दिवस उजाडला. तीच रक्तपेढी, तीच पोर. "अकरा पॉइंट नऊ, काका."

महिनाभर रवंथ करून पॉइंट एक! मी वाद घालतोय तोवर बायकोने आपलं बोट पुढे केलं. तेरा पॉइंट चार!

"अगं, एकाच घरचं खाऊन तुझं एवढं कसं?"

"मी कुठे घरचं खाल्लं? महिनाभर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये दोन्ही वेळ जेवतेय मी."

तिने रक्त दिलं. मी तिची पर्स धरून बाहेर बसलो.

ऑपरेशन उत्तम झालं. संध्याकाळी सासऱ्यांनी डोळे उघडले. मी लगबगीने पुढे झालो, त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घाबरून लेकीकडे पाहिलं आणि क्षीण आवाजात विचारलं,

"रक्त यांचं नाही ना दिलं?"