दारातून दिसणारी गरिबी

एका जंगलात, मुलांनो, दोन शाळा होत्या. कुठलं जंगल ते विचारू नका. हाताची घडी घाला आणि ऐका.

एक शाळा वडाखाली. वडाला मधाची पोळी लगडलेली, सगळी अस्वलांच्या मालकीची. पण अस्वलांची पिल्लं तिथे यायची नाहीत हं! ती जायची माळावरच्या शाळेत, तिथली हवा चांगली म्हणून. आणि माळावर राहणारी उंदरांची, सशांची पोरं रोज माळ उतरून वडाखाली यायची. कारण वरच्या शाळेत प्रवेशाला मध चाखून ओळखायची परीक्षा होती. या पोरांनी मध जन्मात चाखला नव्हता.

वडाखाली साळूबाई साळिंदर शिकवायची. अंगभर काटे, पण पोरांवर भारी जीव. पोरं यायची उपाशी. दुपारी पाढे म्हणता म्हणता ठमी उंदरीण आडवीच व्हायची. साळूबाईचं आतडं तुटायचं.

अशात सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली. गरीब शाळेला रोज दुपारी ऊन-ऊन घुगऱ्या!

गरीब शाळा ठरवायला करकोचेसाहेब निघाले. त्यांची पद्धत सोपी. शाळेच्या दारात एका पायावर उभं राहायचं आणि बाहेर बघायचं. बाहेर दिसेल ती शाळेची ऐपत. वळून वर्गात डोकावणं नियमात बसत नव्हतं.

वडाखालच्या दारातून साहेबांना मध दिसला.

"अबब! काय ही सुबत्ता!"

"अहो, मध अस्वलांचा आहे," साळूबाई म्हणाली. "जरा वळून ही पोरं बघा की!"

"पोरं काय बाई, आज आहेत, उद्या नाहीत. परिसर कायमचा असतो."

माळावरच्या दारातून दिसले नुसते खडक आणि ढासळलेली बिळं. साहेबांचे डोळे पाणावले. घुगऱ्यांची पातेली माळावर गेली. अस्वलांच्या पिल्लांनी नाकं मुरडली, वरून मध ओतून घेतला, मग कुठे खाल्ल्या.

साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तडक माळावर गेली, मुख्याध्यापक अस्वलरावांकडे.

"ती बिळं माझ्या पोरांची आहेत. त्यांच्या जिवावर तुम्ही जेवता. निदान उरलंसुरलं तरी त्यांना द्या!"

"देऊ की! आत नको हं, शिस्त बिघडते. दारासमोर बसवा."

साळूबाईने वर्ग खडकावर हलवला. वडाखालची शाळा ओस पडली, मग सरकारने ती बंदच केली. पण ठमीच्या पोटात मूठभर घुगऱ्या गेल्या आणि त्या दुपारी तिने अख्खा पाढा जागेपणी म्हटला. साळूबाई सगळ्यांदेखत रडली.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा दारात उभे राहिले. समोर रांगेत हाडकुळी पोरं.

"अरेरे! परिस्थिती फारच बिकट. घुगऱ्या दुप्पट करा!" मग त्यांनी मान लांब केली. "ही उंदरीण मात्र जरा गुटगुटीत वाटते. पुढच्या खेपेला नीट बघावं लागेल."

साहेब गेले. अस्वलराव घाम पुसत साळूबाईकडे आले.

"बाई, उद्यापासून उरलंसुरलं बंद. पोरांनी बाळसं धरलं तर शाळा श्रीमंत ठरेल हो! गरिबांच्या घुगऱ्या जातील, बिचाऱ्यांच्या!"

दुसऱ्या दिवशी दुपारी ठमी पाढे म्हणता म्हणता आडवी झाली.

तात्पर्य, पाटीवर ठळक लिहून घ्या: नुसतं गरीब असून काही मिळत नाही, मुलांनो. गरिबी असावी ती शेजाऱ्याची, आणि आपल्या दारातून दिसणारी.