मागच्या पेटीतले टोमॅटो

मुकद्दसबाईंनी पिशवीतून टोमॅटो काढला आणि त्यांचा अंगठा थेट आत गेला.

"हा तर माझ्या गुडघ्यांहून म्हातारा!" त्या म्हणाल्या. "असू दे हो सूनबाई. तुमच्याकडे नुसता बर्फ पिकतो. तुला काय कळणार!"

नॉर्वेहून तुर्कस्तानातल्या तिरे गावात नांदायला येऊन मारितला चार वर्षं झाली होती. दर मंगळवारी ती बाजाराला जाई, आणि दर मंगळवारी ताटात टोमॅटोच्या आधी टोमणा पडे. नवरा, केनान, मान खाली घालून पाव मोडत बसे. एकदा, फक्त एकदाच, सासूला नाव ठेवायला जागा मिळू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

पुढच्या मंगळवारी ती बाह्या सरसावूनच निघाली. भाजीवाल्या शाबानच्या ताडपत्रीखाली टोमॅटोंची रास मांडलेली. पुढे लालबुंद, तुकतुकीत, नवरीसारखे पुसून बसवलेले. मागे पेटीत त्यांची सावत्र भावंडं. गिऱ्हाइकानं पुढे बघायचं आणि शाबाननं पिशवी मागून भरायची, ही तिथली जुनी रीत.

"पुढचे दे," मारित म्हणाली.

"वहिनी, ते शोभेचे! त्यांना हात लावला तर दुकानाचा चेहरा जाईल."

"चेहरा ठेव तुझ्याकडे, टोमॅटो दे! चार वर्षं चिखल नेतेय मी घरी!"

"चिखल?" शाबाननं छाती पिटली. "ऐका हो, परक्या मुलखातून येऊन माझ्या मालाला..."

"परकी कुणाला म्हणतोस? तुझ्या बायकोपेक्षा जास्त वांगी तळलीत मी या गावात!"

"खरं बोलतेय पोरगी," शेजारची चीजवाली म्हणाली आणि सुरीच्या टोकावर चीजचा तुकडा पुढे केला. "खा गं, घसा सुकेल." ऑलिव्हवाल्यानं दोघांपुढे चहा ठेवला. दोघांनी तो मुकाट्यानं प्यायला, पेले परत केले आणि पुन्हा भांडायला लागले.

शेवटी शाबान रडकुंडीला आला. "अल्लाशपथ वहिनी, माझा दोष नाही! मुकद्दसमावशींचीच ताकीद आहे. म्हणाल्या, सुनेला मागचे देत जा. नाहीतर मुलगा म्हणेल, बायकोला आईपेक्षा बरा बाजार करता येतो."

मारितच्या डोळ्यांत आधी पाणी आलं, मग अंगार. चार वर्षं ती आपल्याच नजरेला, आपल्याच बोटांना दोष देत आली होती!

"आजपासून मला पुढचे," ती हळूच म्हणाली. "आणि आई आल्या, की त्यांना मागचे. नाहीतर तू मला काय सांगितलंस, ते त्यांना कळेल."

शाबानचा चेहराच मागच्या पेटीतला झाला.

त्या दिवशी मुकद्दसबाईंनी एकेक टोमॅटो दाबून पाहिला आणि जेवण संपेपर्यंत चकार शब्द काढला नाही. शुक्रवारच्या बाजाराला त्या स्वतः गेल्या. परतल्या त्या धगधगतच.

"बत्तीस वर्षांचं गिऱ्हाईक मी! मला हा गाळ?"

"मारितला पाठवायचंस ना, आई," केनान म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, आपण समजूत घालतोय.

म्हातारीचा ओठ थरथरला. हेच बघायला मारित आसुसली होती. आता समोर आलं, तर तिला बघवेना. तिनं सासूचा डोक्याला बांधायचा रुमाल खुंटीवरून काढला.

"चला आई. भांडून येऊ."

"तू कुणाच्या बाजूनं?"

"आपल्या."

भर दुपारी, हातात हात घालून तणतणत येणाऱ्या त्या दोघी शाबानला लांबूनच दिसल्या. त्यानं भरल्या बाजारात ताडपत्रीची दोरी सोडायला घेतली.