पत्रा बाहेर, गोळ्या आत

"दार उघडलंस तर बघ."

"माझ्या ओव्हनचं दार मी नाही उघडायचं, तर काय जर्मनीहून माणूस येणारे?"

"अगं, सातच मिनिटं राहिलीत. मध्येच गार हवा लागली की संपलं सगळं."

"आणि माझं केकचं मिश्रण ओट्यावर ताटकळतंय ते? ते काय तुमच्या सवडीने फुगणारे?"

माझी काकू घरून केकच्या ऑर्डरी घेते. ओव्हन तिचा, फ्रीझर तिचा, धंदा तिचा. आणि त्या ओव्हनमध्ये, केकच्या ट्रेवर, बटरपेपर अंथरून, काकाच्या मोटरसायकलचा गिअरबॉक्स भाजत होता. अख्खा नव्हे, नुसतं बाहेरचं कवच. काका त्याला केसिंग म्हणतो. बटरपेपरची अट काकूची. काकाने मानलेली तेवढी एकच.

ह्यात वेडेपणा काही नाही, असं काकाचं म्हणणं. धातू तापला की फुगतो, गारठला की आकसतो. केसिंग ओव्हनमध्ये तापवायचं, बेअरिंग, म्हणजे त्यात बसणारी गोळ्यांची कडी, फ्रीझरमध्ये गारठवायचं आणि दोघांची गाठ घालून द्यायची. बेअरिंग आपलं आपण आत जाऊन बसतं, हातोडी लागत नाही. फक्त बसताना सुलटं बसायला हवं. त्याच्या एका बाजूला पत्र्याचं झाकण असतं, दुसऱ्या बाजूने गोळ्या दिसतात. पत्रा बाहेर, गोळ्या आत. उलटं बसलं तर पुन्हा पहिल्यापासून. काकाच्या जर्मन पुस्तकात ह्याचं चित्र आहे. काकाला जर्मन येत नाही, पण ते पुस्तक तो अकरा वर्षं वाचतोय. "पत्रा बाहेर, गोळ्या आत" हे काकूलाही पाठ झालं होतं, कारण काका ते झोपेत म्हणायचा.

गाडी सत्तर वर्षांची, जर्मन. इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना बाहेर आलेले. कमरेवर हात ठेवून भांडायला उभी राहिल्यासारखी ती बाहेरच्या खोलीत उभी असते. पाहुणे तिला वळसा घालून सोफ्यावर बसतात. अकरा वर्षांपूर्वी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांनी ती काकाला फुकट दिली होती, चार खोक्यांत भरून. अट एकच. "चालू झाली की मला मागे बसवून एक फेरी मारायची." काकाने शब्द दिला.

तेव्हापासून दर महिन्याला आजोबांचा फोन. "कुठवर आलं रे?"

"झालंच आजोबा. फक्त रंग राहिलाय."

खरं तर रंग तेवढाच झाला होता. टाकीला तीनदा देऊन झाला होता.

आता आजोबांची मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी घेऊन चालली होती. दुकान बंद झालं होतं, रेल्वेगाडी उद्या सकाळी सहाची. म्हणजे फेरी आज नाही तर कधीच नाही. काकाने हिशेब मांडला होता. अकराला बेअरिंग, दुपारी गिअरबॉक्स गाडीत, संध्याकाळी सातला फेरी.

"आणि चाकं?" काकूने विचारलं.

"चाकं तासाभराचं काम."

अकरा वर्षांत काकाने प्रत्येक कामाला तासाभराचं काम म्हटलंय.

ओव्हनची घंटा वाजली. काकूचे फुलाफुलांचे हातमोजे घालून काकाने केसिंग बाहेर काढलं. काकूने त्यावर पाण्याचा थेंब टाकला. चुर्र झालं. काका खूष होऊन फ्रीझरकडे वळला, दार उघडलं आणि तसाच उभा राहिला.

"इथलं खोकं?"

"केकचं? ते गेलं की. अर्धा तास झाला. मुलगा येऊन घेऊन गेला."

"माझं बेअरिंग होतं त्यात."

काकूने क्रीमचा चमचा खाली ठेवला. "केकच्या खोक्यात?"

झालं होतं असं. काकाने थर्मामीटर लावून फ्रीझरमधली सगळ्यात गार जागा शोधली होती. मागचा डावा कोपरा. तिथे आईस्क्रीम केकचं खोकं होतं. खोकं हलवलं तर काकू रागावेल, म्हणून काकाने ते हलवलं नाही. बेअरिंग स्वच्छ पिशवीत गुंडाळून, केकखालच्या पुठ्ठ्याच्या खाली सरकवलं.

"तरीच म्हटलं केक एका अंगाला कललाय," काकू म्हणाली. "दुसऱ्या अंगाला क्रीम लावून सरळ केला मी. अर्धा किलो क्रीम गेलं तुमच्या बेअरिंगच्या पायी."

"कुणाला गेला पण?"

काकूने वही काढली. "फोनवरून आली होती ऑर्डर. कुणी बाई होत्या. निरोपाचा केक. पत्ता, घड्याळाच्या बंद दुकानावर, पहिला मजला."

काका स्टुलावर बसला. केसिंग हातात होतं, त्यामुळे डोक्याला हात लावता आला नाही.

मग उठला. बेअरिंग तिकडे गार होतं, केसिंग इकडे गरम होतं. एक तापायच्या आत आणि दुसरं निवायच्या आत दोघांना भेटवायला हवं होतं. बेअरिंग इकडे आणेपर्यंत केसिंग निवणार. म्हणजे केसिंगलाच तिकडे नेणं आलं. काकाचं डोकं चालतं तेव्हा असं चालतं. त्याने पलंगावरची रजई ओढली.

"ती माझ्या आईने दिलेली आहे," काकू म्हणाली.

"तू स्कूटर काढ."

काकाकडे चालणारी गाडी नाही. गाड्यांचं वेड असलेल्या माणसांकडे नसतेच. काकू शिव्या पुटपुटत पुढे आणि काका मागे, मांडीवर रजईत गुंडाळलेलं केसिंग, हातात फुलांचे हातमोजे. तिसऱ्या सिग्नलला रजईतून धूर यायला लागला. ट्रॅफिक पोलीस जवळ आला.

"काय आहे त्यात?"

"गिअरबॉक्स."

"पेटलाय का?"

"नाही हो. भाजलाय."

पोलिसाने पावतीपुस्तक उघडलं, थोडा विचार केला आणि मिटलं. "जा," तो म्हणाला. "पण ताईंना मागून चटका देऊ नका."

आजोबांच्या घरी दार उघडंच होतं. बांधलेल्या बॅगा, दहाबारा माणसं, हातात केकच्या बशा, आणि कुणीच खात नव्हतं. मधल्या टेबलाशी आजोबा बसले होते. एका डोळ्याला त्यांचं घड्याळाचं भिंग, समोर आईस्क्रीमची वाटी, वाटीत बेअरिंग.

आजोबांनी भिंग न काढताच काकाकडे बघितलं. त्यामुळे त्यांचा एक डोळा केवढा तरी दिसत होता.

"फक्त रंग राहिलाय म्हणालास."

रजईतून धूर येत होता.

"हे गिअरबॉक्सचं आहे. मागचं. म्हणजे गिअरबॉक्स अजून उघडाच आहे."

"आज बंद होणार होता आजोबा. आईशप्पथ."

"माहितेय. म्हणून तर गार करत ठेवलंय. मला वाटलंच, येशील." आजोबांनी टेबलावरच्या बशा बाजूला केल्या. "ठेव इथे. गरम आहे अजून?"

काकूने पुढे होऊन पाणी टाकलं. चुर्र.

"द्या, मी टाकतो," काका म्हणाला. पण हातमोज्यांत त्याला स्वतःचीच बोटं सापडत नव्हती.

"तू राहू दे. माझा हात हलत नाही," आजोबा म्हणाले. पन्नास वर्षं त्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या होत्या. त्यांनी बेअरिंग वाटीतून उचललं, रुमालाने पुसलं, केसिंगवर धरलं आणि सोडलं. टक् करून आवाज आला. एका दमात बसलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आजोबा भिंग लावून वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"अरेरे," ते म्हणाले. "उलटं बसलं."

काका वाकला. पत्रा आत, गोळ्या बाहेर.

"आता?" आजोबांच्या मुलीने विचारलं.

"आता पुन्हा ओव्हन. आजचं काम नव्हे हे."

"बाबा, सकाळची गाडी आहे आपली."

"शब्द दिलाय ह्याने. मी गेलो तर बिचाऱ्याचा शब्द खोटा पडेल. तिकीट पुढच्या महिन्याचं कर."

मुलीने काकाकडे असं बघितलं, की काका रजईची घडी घालायला लागला.

परतीच्या वाटेवर केसिंग गार होतं. सिग्नलला काकू म्हणाली, "टाकायच्या आधी आजोबांनी ते बोटांत एकदा फिरवलं. बघितलंत?"

"छे. हात हलला असेल. वय झालंय त्यांचं."

"हो," काकू म्हणाली. "वय झालंय."

ह्याला चार महिने झाले. आजोबा आता रोज दहाला येतात, सोफ्यावर न बसता गाडीच्या बाजूला स्टूल टाकून बसतात आणि काकाने केलेलं प्रत्येक काम भिंगातून तपासून परत करायला लावतात. तिकीट तीनदा बदललंय. काल मुलीचा फोन आला होता. स्पीकरवरच होता.

"बाबा, कुठवर आलं?"

"झालंच गं," आजोबा म्हणाले. "फक्त रंग राहिलाय."

काकाने मान खाली घातली आणि टाकी पुसत बसला. आत्ताही ओव्हनमध्ये केसिंग आहे, आजोबांच्या हातात बेअरिंग आहे, आणि काकू दोघांवर नजर ठेवून उभी—

घंटा वाजली. हातमोजे माझ्याकडेच राहिलेत. निघतो.