सुकटीचे शास्त्रीय वर्गीकरण

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. माझा मावसभाऊ कल्याण हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. चहा पिता पिता त्याने खुलासा केला, "मावशी, ही मासळी नव्हे. हा जवळा. इंग्रजीत श्रिम्प."

"आरं, मला ती खायची हाय," आई म्हणाली, "बारसं न्हाई करायचं."

दहाव्याला बेलापुरात, प्रवरेच्या घाटावर, पिंडाला कावळा शिवेना. तो शिवल्याशिवाय आई तृप्त झाली असे धरता येत नाही आणि कोणाला उठताही येत नाही.

"तिला सुकट लागती. ठिवा," रंगुमावशी म्हणाली.

"मावशी, समोर पुढारी बसलेत," माझा भाऊ करण कुजबुजला. त्याने श्रीरामपूरहून गोठवलेली कोळंबी मागवली. कावळ्याने मान फिरवली.

कल्याणने माइक घेतला. "कावळ्याची हरकत रास्त आहे. बाजारात लहान तो श्रिम्प, मोठा तो प्रॉन. शास्त्र आकार बघत नाही. अंडी पाण्यात सोडून देतो तो प्रॉन, पोटाशी बाळगतो तो श्रिम्प. त्या हिशोबाने एवढासा जवळा प्रॉनकडे जातो, आणि धरणातला वीतभर झिंगा, ज्याला सगळे प्रॉन म्हणतात, तो श्रिम्पकडे."

"म्हंजी त्या दिशी तू तिला उलटंच सांगितलं व्हय रं?" मावशी म्हणाली. "बिचारी चुकीचं नाव ऐकून गेली."

मंडपात चिंता पसरली. अतृप्त आत्म्यास अचूक माहिती पुरवणे हे उपस्थितांचे कर्तव्य ठरले. श्रद्धांजलीच्या भाषणासाठी आलेल्या आप्पासाहेबांनी जागेवरच त्रिसदस्यीय समिती नेमली. तीन पत्रावळी मांडल्या गेल्या: सुकट, कोळंबी, झिंगा. प्रत्येकीपुढे पाटी. कावळ्याला इंग्रजी येते का, यावर एकमत न झाल्याने पाट्या दोन भाषांत. पोटाशी अंडी आहेत का, हे तपासण्यासाठी झिंगा उताणा करण्यात आला. तो नर निघाला. समितीने मुदतवाढ मागितली.

कावळा मंडपाच्या बांबूवर बसून कामकाज ऐकत होता.

"पोरीला बोलू द्या," मावशी म्हणाली. "दे गं तिला शब्द, म्हंजी ती सुटंल."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांचं नीट बघू, काळजी करू नकोस, असे शब्द घाटावर दिले जातात. तुम्हीही दिला असेल. कावळा फक्त ऐकतो, नंतर घरी चौकशीला येत नाही, ही त्यातली सोय.

मी पदर सावरून पुढे झाले.

"आई, तुझी सुकट दर वेळी खारट व्हायची. मी कधी बोलले नाही. बोलले असते, तर तू मीठ कमी केलं असतंस."